खोट्या नावाची खरी मैफल

या पुस्तकात ज्या तबकड्यांच्या नोंदी आहेत, त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या तबकडीवर ठिकाणाचं नाव चुकीचं आहे. कव्हरवर ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ लिहिलेलं असतं, म्हणजे लंडन. आत वाजते ती मैफल मात्र मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली, १७ मे १९६६ची, बॉब डिलनची. १९७०च्या आगेमागे ही तबकडी चोरवाटेनं बाजारात आली तेव्हा कुणीतरी हे नाव टाकलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे १९९८ साली डिलनच्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीनं हीच मैफल रीतसर प्रसिद्ध केली. तोवर लोकांच्या तोंडी ते नाव इतकं बसलं होतं की कंपनीलाही ते गाळता आलं नाही. अवतरणचिन्हांत का होईना, ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ कव्हरवर राहिलं.

ही तबकडी मी पहिल्यांदा हातात घेतली ती नव्वदीच्या दशकात. नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडात होतो, राहायला मँचेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर. शनिवार-रविवारी एखाद्या सभागृहात जुन्या रेकॉर्डचा बाजार भरायचा. लांब टेबलं, त्यांवर खोकी आणि खोक्यांत उभ्या लावलेल्या एलपी. दोन बोटांनी एकेक पुढे ढकलत बघत जायचं. एका खोक्यात साधं पांढरं कव्हर हाताला लागलं. ना फोटो, ना कंपनीचं नाव. वर फक्त एक रंगीत झेरॉक्स कागद चिकटवलेला. आतल्या तबकडीचं लेबल कोरं. फ्री ट्रेड हॉलवरून मी तोवर कितीदा तरी गेलो होतो. हॅले ऑर्केस्ट्राचं ते घर, १९९६ साली ऑर्केस्ट्रा तिथून हलला आणि आज त्या इमारतीत हॉटेल आहे. आपण घरी नेतोय ती मैफल याच दगडी इमारतीत झाली होती, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. कव्हरवर लंडन लिहिलं होतं आणि माझा त्यावर विश्वास होता.

त्या रात्री ऐकलेलं आजही कानात आहे. डिलन १९६५पर्यंत एकटा गायचा. हातात साधी गिटार, गळ्यात अडकवलेली हार्मोनिका. लोकगीतांच्या चळवळीतल्या तरुणांनी त्याला आपला मानला होता. जुलै १९६५मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो विजेवरची गिटार घेऊन, साथीला बँड घेऊन उभा राहिला आणि त्यातल्या अनेकांना तो विश्वासघात वाटला. पुढच्या वर्षीच्या जगदौऱ्यात त्यानं कार्यक्रमाचे दोन भाग केले: पूर्वार्धात एकटा, उत्तरार्धात बँडसह. पूर्वार्ध लोक शांतपणे ऐकायचे, उत्तरार्धात हुर्यो उडवायचे. माझ्या हाती लागलेल्या तबकडीवर हा उत्तरार्धच आहे, आठ गाणी. साधारण पाऊण तासाचा ऐवज. एका एलपीच्या दोन बाजूंवर तो कसाबसा मावतो.

गाण्यांच्या मधल्या जागा नीट ऐकाव्यात. आपल्याकडे टाळी म्हणजे दाद. इंग्लंडात सगळे श्रोते मिळून सावकाश, एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागले की समजायचं, लोकांचं बिनसलंय. त्या टाळ्या इथे स्पष्ट ऐकू येतात. एका ठिकाणी डिलन माइकला तोंड लावून काहीतरी पुटपुटत राहतो. शब्द लागत नाहीत. तो काय म्हणतोय हे ऐकायला लोक हळूहळू गप्प होतात, टाळ्यांचा ठेका मोडतो, आणि सभागृह पुरतं शांत झाल्यावर तो एकच वाक्य स्वच्छ बोलतो: टाळ्या एवढ्या जोरात वाजवल्या नसत्या तर, अशा अर्थाचं. हशा होतो. पुढचं गाणं सुरू. शेवटच्या गाण्याआधी गर्दीतून एक जण ‘ज्यूडास’ म्हणून ओरडतो. येशूला विकणाऱ्या शिष्याचं नाव. डिलन म्हणतो, माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस. मग मिकी जोन्सचा ड्रमवरचा ठोका बसतो आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ सुरू होतं. तो ओरडणारा मीच, असा दावा पुढे दोन जणांनी केला.

स्टुडिओत कितीही पैसे ओतले तरी हे मिळत नाही. गायक आणि श्रोते यांच्यात त्या एका संध्याकाळी जे घडलं ते या तबकडीवर उतरलंय, आणि याच गोष्टीसाठी मी पुढची पंचवीस-तीस वर्षं अशा तबकड्यांच्या मागे फिरलो.

अशा तबकडीला ‘बूटलेग’ म्हणतात. हा शब्द मूळचा दारूचा. उंच बुटाच्या नळीत लपवून नेलेली बाटली. संगीतात तो आला तेव्हा त्याला एक नेमका अर्थ मिळाला, आणि तो नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्याकडे फुटपाथवर एकेकाळी मिळणाऱ्या ‘पायरेटेड’ कॅसेटींशी त्याची हमखास गल्लत होते. बाजारात असलेल्या रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करून स्वस्तात विकणं हा एक धंदा. बूटलेग वेगळा. कंपनीनं जे कधी प्रसिद्धच केलं नाही, तेच त्यात असतं: सभागृहात लपवून केलेलं ध्वनिमुद्रण, रेडिओवरून टिपलेला कार्यक्रम, नाहीतर कंपनीच्या कपाटातून बाहेर पडलेली टेप. मँचेस्टरची मैफल या शेवटच्या प्रकारातली. ती कंपनीनंच ध्वनिमुद्रित केली होती, म्हणून इतकी लख्ख ऐकू येते.

रंगमंचावरचं गाणं टिपून ठेवण्याची हौस रॉक संगीतापेक्षाही जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एडिसनच्या यंत्रावर मेणाच्या नळकांड्यांत चालू प्रयोगातलं गाणं पकडून ठेवलं. तुकडे मिनिटा-दोन मिनिटांचे, खरखर भयंकर. पण त्या काळच्या काही गायकांचा रंगमंचावरचा आवाज आज फक्त त्या नळकांड्यांत उरलाय.

रॉक संगीताच्या दुनियेतली सुरुवात १९६९च्या उन्हाळ्यात, लॉस एंजेलिसमध्ये झाली. ‘ग्रेट व्हाइट वंडर’ नावाने ओळखला जाणारा दोन एलपींचा संच दुकानांत दिसू लागला. कव्हर कोरं पांढरं, म्हणूनच हे नाव पडलं. आत डिलनची १९६१ साली मिनिआपोलिसमध्ये केलेली घरगुती मुद्रणं, १९६७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका घराच्या तळघरात बँडसोबत केलेली काही गाणी आणि दूरदर्शनच्या एका कार्यक्रमातलं एक गाणं. मैफलीचा असा त्यात काहीच भाग नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ओकलंडला झालेल्या रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात एक जण लांब नळीचा सेनहायझर माइक आणि खांद्याला अडकवायचा ऊहर टेपरेकॉर्डर घेऊन बसला, आणि त्या टेपेतून निघालेल्या तबकडीनं श्रोत्यांतून केलेलं ध्वनिमुद्रणसुद्धा ऐकण्याजोगं होऊ शकतं हे सिद्ध केलं. मग रीघच लागली. डिलन, नील यंग, क्रॉस्बी-स्टिल्स-नॅश-यंग, लोकगीत आणि रॉक यांच्या सीमेवरचे सगळेच त्यात आले. १९७० साली ‘द हू’ या बँडनं आपल्या ‘लाइव्ह ॲट लीड्स’ या अधिकृत एलपीचं कव्हर मुद्दाम साध्या तपकिरी पुठ्ठ्याचं, शिक्का मारलेलं केलं. वर्षभरात बूटलेगचं हे रूप एवढं ओळखीचं झालं होतं.

या तबकड्या बनायच्या कशा, हे कळल्याशिवाय त्या ओळखता येत नाहीत. टेपवरचा आवाज लॅकरच्या चकतीवर खोबणीच्या रूपात कोरायचा. चकतीवर चांदीचा पातळ थर देऊन निकेल चढवायचं, त्यातून धातूचे साचे काढायचे आणि त्या साच्यांत तापलेलं व्हायनल दाबायचं. हे घरी होणारं काम नाही. त्याला कारखाना लागतो, आणि कारखान्यात काणाडोळा करणारा माणूस लागतो. म्हणून लेबल कोरं, नाहीतर त्यावर भलत्याच बँडचं नाव. छापखान्यात जाणं म्हणजे मागे माग ठेवणं. ‘ट्रेड मार्क ऑफ क्वालिटी’ हे लॉस एंजेलिसचं नाव त्यातल्या त्यात पद्धतशीर होतं. रंगीत व्हायनल, डुकराचं चित्र असलेली खूण, कव्हरवर प्लास्टिकच्या वेष्टनाखाली सरकवलेला माहितीचा कागद. पुढे विल्यम स्टाउट या चित्रकारानं त्यांच्यासाठी कव्हरं काढली. आज संग्राहक ती चित्रांसाठीही जपतात.

लेबल बोलत नाही तेव्हा तबकडीचा एकच भाग बोलतो. शेवटची खोबण संपते तिथून लेबलपर्यंतचा गुळगुळीत पट्टा. तबकडी दिव्याखाली तिरपी धरून भिंगातून बघावं. तिथे हातानं कोरलेली अक्षरं आणि आकडे असतात, साच्याचा क्रमांक. कुणाच्या हातचं अक्षर गोल, कुणाचं घाईतलं. एकच मैफल चार वेगवेगळ्या कव्हरांत मिळते आणि चारही पट्ट्यांवर एकच क्रमांक निघतो, तेव्हा कळतं की साचा एक, कपडे चार. या पुस्तकातल्या प्रत्येक नोंदीत हा क्रमांक जसाच्या तसा दिला आहे. कव्हरवर मी फारसा भर दिलेला नाही.

दुसरी परीक्षा कानाची. खांद्यावरचा टेपरेकॉर्डर बॅटरीवर चाले. बॅटरी उतरू लागली की मुद्रण करताना फीत मंद फिरते, आणि मग तीच टेप योग्य वेगानं लावली की गाणं जलद आणि चढ्या सुरात ऐकू येतं. वेगात सुमारे सहा टक्के फरक पडला की पूर्ण अर्धस्वर चढतो. गायकाचा आवाज ऐकून हे ठरवणं कठीण, माणूस कुठल्याही पट्टीत गाऊ शकतो. डिलनची हार्मोनिका मात्र साक्ष देते. ती ज्या पट्टीत जुळवून आलेली असते त्याच पट्टीत वाजते. पांढरी एकची हार्मोनिका पांढरी एक आणि काळी एक यांच्या मध्येच कुठेतरी बोलायला लागली, की समजावं टेपचा वेग चुकलाय. घरच्या जुन्या पेटीवर सूर धरून मी कित्येक तबकड्या अशा तपासल्या. ज्यांचा वेग चुकलेला निघाला त्यांच्या नोंदीत तो किती चुकला तेही लिहिलं आहे. शिवाय छोटं रीळ जास्त वेगावर लावलं की पंधरा-वीस मिनिटांत संपायचं. टेप बदलेपर्यंत गाणं निसटायचं. अनेक मैफलींत एखादं गाणं मधूनच सुरू होतं किंवा मधूनच तुटतं, त्याचं कारण बहुधा हे असतं. ज्यांनी ती टेप बदलली त्यांच्या बोटांची घाई मला त्या खंडातून जाणवते.

फसवणूकही झाली. एका विक्रेत्यानं मला ‘पहिल्या छापाची’ म्हणून डिलनची एक तबकडी चांगल्या किमतीला दिली. वस्तू चकचकीत, सुईखाली गेल्याचं चिन्ह नाही. घरी येऊन लावली तर एका गाण्यात टक्, टक्, टक्. थांबवून दिव्याखाली धरली, कुठेही चरा नाही. पुन्हा लावली, पुन्हा तेच. घड्याळ लावून बघितलं: दोन टक्टकांमधलं अंतर १.८ सेकंद. मिनिटाला ३३ पूर्णांक १ तृतीयांश फेऱ्या, म्हणजे एका फेरीला बरोबर १.८ सेकंद. चरा होता, पण माझ्या तबकडीवर नव्हता. कुणाच्या तरी जुन्या, ओरखडलेल्या तबकडीवरून आवाज उतरवून ही नवी दाबली होती. डोळ्यांना न दिसणारा चरा कानाला ऐकू येत होता. ती तबकडी मी परत केली नाही. तीही नोंदींत आहे, कारण असं काही तुमच्याही हाती लागेल तेव्हा ते ओळखता यावं.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. या तबकड्या विकून ज्यांनी पैसे केले त्यांनी गायकाला एक पैसा दिला नाही. गायकानं जे जगापुढे ठेवायचं नाही असं ठरवलं होतं, ते त्याला न विचारता ठेवलं. ही चोरी आहे आणि तिला मी दुसरा शब्द वापरणार नाही. अमेरिकेत ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याचं संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२पासून मिळू लागलं; त्याआधीच्या फटीत हा धंदा वाढला. भारतात कलावंताला आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला तो कॉपीराइट कायद्यातल्या १९९४च्या दुरुस्तीनं. हे कायदे हवेतच. मी कधी प्रत काढून विकली नाही, आणि एखादी मैफल अधिकृतपणे निघाली की ती विकत घेतली.

पण कपाटं बंद ठेवणाऱ्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. ३१ ऑक्टोबर १९६४ला डिलननं न्यूयॉर्कच्या फिलहार्मोनिक हॉलमध्ये मैफल केली, जोन बाएझ काही गाण्यांना सोबत होती. कंपनीनं ती ध्वनिमुद्रित केली आणि ठेवून दिली. ती बाहेर आली २००४ साली, चाळीस वर्षांनी. ‘टेल मी, मोमा’ हे गाणं डिलननं स्टुडिओत कधी ध्वनिमुद्रित केलंच नाही. १९६६च्या दौऱ्यात ते गायलं गेलं आणि संपलं. त्या मैफलींना जे हजर नव्हते त्यांतल्या बहुतेकांनी १९९८पर्यंत ते ऐकलं ते चोरीच्या तबकडीवर किंवा टेपवरच. मधल्या काळात ज्यांची पिढी सरली त्यांना वाट बघ म्हणण्याचा अधिकार कुणाला होता, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

कलावंतांनी स्वतः यातून वाटा काढल्या. ग्रेटफुल डेड या बँडनं १९८४पासून आपल्या कार्यक्रमांत टेप करणाऱ्यांसाठी सभागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. डिलनच्या नावे १९९१ साली ‘बूटलेग सीरीज’ सुरू झाली, ती अजून चालू आहे. १९६६च्या दौऱ्यातलं जे जे टेपवर उरलं होतं ते २०१६ साली ३६ सीडींत आलं, आणि खऱ्या रॉयल अल्बर्ट हॉलची मैफलही त्याच वर्षी वेगळी निघाली. नील यंगनं तर अलीकडे स्वतःच्या जुन्या बूटलेग मैफली अधिकृत मालिका म्हणून काढल्या. त्यांतली १९७४ची ‘बॉटम लाइन’ची मैफल श्रोत्यांत बसलेल्या माणसानं टेप केली होती. ज्यानं चोरलं त्याच्याच चोरीवर धन्यानं शेवटी आपली मोहोर उमटवली. मला हा न्याय पटतो.

हे सगळं मराठीत का लिहितोय, असं मित्रांनी विचारलं. आपल्याकडेही हीच गोष्ट वेगळ्या वेषात घडली आहे. गणेशोत्सवातले, संगीतसभांतले, दिवाणखान्यातले गाण्याचे कार्यक्रम आपल्या लोकांनी आधी स्पूलवर आणि मग कॅसेटवर टिपले. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत, पण हातोहात प्रती झाल्या. अशा टेपा मी ज्यांच्याकडे बघितल्या त्यांतल्या बहुतेकांवर रागाचं नाव असतं आणि पुढे ‘पुणे, बहुतेक ७४’ एवढंच. तबल्याला कोण होतं, पेटीवर कोण होतं, काही नाही. मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या नोंदी करण्याचं मोठं काम केलं. घरोघरच्या टेपांपर्यंत मात्र फारसा कुणाचा हात पोचलेला नाही.

मँचेस्टरची मैफल लंडनची म्हणून इतकी वर्षं फिरली ती कुणीतरी ठिकाणाचं नाव चुकीचं लिहिल्यामुळे. ती चूक सुधारली ती संग्राहकांनी. टेपा शेजारी शेजारी लावून, गाण्यांचा क्रम, मधलं बोलणं, लोकांचा आवाज पडताळून. तबकड्या गोळा करणं त्या मानानं सोपं. पैसा आणि वेळ असला की होतं. आत काय आहे ते खरं लिहून ठेवणं हे संग्राहकाचं काम, आणि हे पुस्तक त्या कामासाठी आहे. शंभरावर तबकड्या इथे आहेत. प्रत्येकीखाली कव्हरवरचा दावा एका ओळीत आणि माझ्या मते खरी तारीख व ठिकाण दुसऱ्या ओळीत. जिथे खात्री नाही तिथे दुसरी ओळ कोरी ठेवली आहे. कोऱ्या ओळी बऱ्याच आहेत.

वाचकांना दोन विनंत्या. घरात जुनी तबकडी किंवा टेप असेल, तर आतला कागद टाकू नका, लेबलवर पेन चालवू नका. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं तारीख, गाव, कलावंत, साथीदार आणि टेप करणाऱ्याचं नाव लिहा, आणि ती चिठ्ठी कव्हरमध्ये ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतंय तोवर आजच विचारा. आणि या पुस्तकातल्या एखाद्या कोऱ्या ओळीचं उत्तर तुमच्याकडे असेल, किंवा भरलेली ओळ चुकली असेल, तर कळवा. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करीन.